सासूबाईंचं बूच

सोमवारी सकाळी दहा वाजता दादाने सगळ्यांना बाटल्या भरायच्या खोलीत बोलावलं, तेव्हाच धाकट्याला कळलं की आता डोक्याला ताप होणार. दादा चांगली बातमी फोनवर द्यायचा, वाईट बातमी चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवायचा, आणि ज्यातून कुणाचीच सुटका नाही ती बातमी उभं राहून, घसा खाकरून सांगायचा.

दादाने घसा खाकरला.

"शनिवारी दुपारी चार वाजता," तो म्हणाला, "सासूबाई उघडायच्या."

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ताईच्या हातातली काचेची नळी खाली पडता पडता राहिली. धाकटा मटकन खाली बसला, आणि बसायला तिथे फक्त रिकाम्या बाटल्यांचा क्रेट होता.

गैरसमज नको. सासूबाई म्हणजे कुणाची सासू नव्हे, ते एक लाकडी पिंप होतं. तळघराच्या पार शेवटच्या कोपऱ्यात, दोन दगडांवर बसवलेलं, सव्वादोनशे लिटरचं, काळपट, पोट पुढे काढून सगळ्यांवर नजर ठेवून असल्यासारखं. बावीस वर्षांपूर्वी बाबांनी आपल्या हातची शेवटची वाइन त्यात भरली, वरून बूच ठोकलं, बुचावर लाल लाख ओतली, गरम लाखेवर अंगठा दाबला आणि "आई गं" म्हणून ओरडले. मग तिन्ही मुलांना समोर उभं करून बजावलं, "धंद्याच्या पन्नासाव्या वर्षापर्यंत हिला कुणीही हात लावायचा नाही. कळलं?"

सगळे म्हणाले, कळलं. दोन वर्षांनी बाबा गेले, पिंप राहिलं. मग त्याला वळसा घालून चालायचं, त्याच्या अंगावर टेकायचं नाही, त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही, असं सुरू झालं. ताईने एकदा वैतागून म्हटलं, "मी सासर सोडून आले ते या सासूबाईंसाठी का?" तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

"एवढी घाई काय आहे?" धाकटा क्रेटवरूनच म्हणाला. "पन्नासावं वर्ष संपायला अजून चार महिने आहेत."

"मी तर म्हणते अजून पाच वर्षं थांबू," ताई म्हणाली. "वाइनला घाई चालत नाही."

"मलाही मनातून तसंच वाटतं," दादा म्हणाला.

इथे खरं तर धाकट्याने सावध व्हायला हवं होतं. या तिघांचं वीस वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. दारातलं पायपुसणं हिरवं घ्यायचं की तपकिरी, यावर एक महिना अबोला चालला होता आणि तोवर लोक चिखलाचे पाय घेऊन आत येत होते. असे तिघं एका दमात एकच बोलतात म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं. पण धाकटा स्वतःच्याच काळजीत होता.

"मग नको ना उघडू!"

"नको कसं? लेबल कुणी छापलं?"

"तूच छापलंस!"

हे मात्र खरं होतं. दादा माल विकायचा. विकताना त्याच्या तोंडाला ब्रेक नसायचा. बाबा गेल्यावर त्याने प्रत्येक बाटलीच्या मागच्या लेबलावर छापून टाकलं होतं: 'संस्थापकांची शेवटची वाइन आमच्या तळघरात अस्पर्शित. पन्नासाव्या वर्षी उघडणार.' वीस वर्षं, लाखो बाटल्या. आता अकरा शहरांत दुकानं असलेल्या एका मोठ्या साखळीच्या खरेदीवाल्याचं पत्र आलं होतं, की शनिवारी मी येतो, अस्पर्शित काय ते दाखवा, आवडलं तर तुमचा सगळा माल आमच्या दुकानांत. हा माणूस म्हणे बाटली न बघता नुसत्या वासावरून वर्ष सांगायचा. धाकट्याने तिथल्या तिथे त्याचं नाव 'नाकसाहेब' ठेवलं.

"आणि ऐक," दादा धाकट्याकडे बोट करून म्हणाला. "तळघराची किल्ली बाबांनी तुझ्या हातात दिली. एकच किल्ली. सासूबाई नीट निघाल्या तर किल्ली जन्मभर तुझी, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण आत काही भानगड निघाली, तर तळघर सांभाळायला मी त्या वाइनच्या डिग्रीवाल्याला बोलावणार. पत्र टाइप करून तयार आहे. मग तू पुढच्या दुकानात बसून पाहुण्यांना बाटल्या गुंडाळून दे."

धाकट्याचं वय बावन्न. तिसाव्या वर्षापासून तो त्या तळघरात होता. कुठलं पिंप कधी कुरकुरतं, कुठल्या भिंतीला ओल येते, कुठल्या वाइनला आणखी एक हिवाळा हवा, हे त्याला स्वतःच्या दाढदुखीपेक्षा जास्त ठाऊक होतं. डिग्री नव्हती. ती किल्ली होती, कमरेच्या पट्ट्याला, झोपतानासुद्धा. आणि बाटल्या गुंडाळायचं म्हणाल तर त्याला साधा वर्तमानपत्राचा पुडासुद्धा बांधता यायचा नाही.

आता तो क्रेटवर का बसला ते सांगतो. सासूबाईंना हात लावलेला होता. धाकट्यानेच लावला होता. आणि एकदा नाही.

पहिल्यांदा लावला तो गारपिटीच्या वर्षी. तोवर धंदा बाळसं धरत होता. सुरुवातीला काय होतं? घरामागे द्राक्षाच्या दोन ओळी, भंगारातून आणलेलं एक दाबयंत्र, आणि औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या बाटल्या. बाबा सायकलला दोन पिशव्या लावून दारोदार वाइन विकायचे, आणि गिऱ्हाईक बाटलीतून खोकल्याच्या औषधाचा वास येतो म्हणून परत करायचं. तिथून पुढे टेकडीचा उतार घेतला, मग शेड, मग तळघर खणलं. आणि मग एका दुपारी वीस मिनिटांत सगळा मळा गारांनी झोडपून काढला. धाकटा तळघरात आला, सासूबाईंसमोर बसला, आणि "बाबा, आता काय करू?" म्हणता म्हणता त्याने सुरीने लाख उचकटली. एकच ग्लास. प्यायला, रडला, आणि त्या वर्षी हाती लागलेल्या पातळ वाइनचा एक ग्लास आत ओतून भर घातली. नवी लाख ओतली, अंगठा दाबला. अंगठा हा अंगठ्यासारखाच दिसतो.

शिवाय त्याने मनाची समजूत घातली, पिंपात भर घालावीच लागते. लाकूड श्वास घेतं, वाइन उडून जाते, वर हवा साठते, आणि हवा साठली की आंबलंच. म्हणजे मी चोरी करत नाहीये, निगा राखतोय. जरा पिऊन निगा राखतोय, एवढंच.

त्यानंतर दादाने न विचारता स्टीलच्या टाक्या आणल्या, तेव्हा दोन ग्लास. बाटल्या भरायचं मशीन आलं आणि पहिल्याच दिवशी त्याने सहाशे बाटल्या फोडल्या, तेव्हा तीन. कामगार चारांचे चाळीस झाले, माल समुद्रापार गेला, दुसरी टेकडी घेतली. धंदा जसा वाढत गेला तसे ताप वाढले, आणि ताप वाढले तसा धाकटा सासूबाईंकडे जात राहिला. भर घालायला हाताला लागेल ते. मागच्या दोन वेळा तर हाताला काही लागलंच नाही म्हणून भर घातलीच नव्हती. म्हणजे आत निदान सहा लिटरची पोकळी असणार. नाकसाहेब ग्लासात नाक घालणार आणि त्यांना धाकट्याच्या इतक्या वर्षांच्या चोरट्या दुपारींचा वास येणार.

मंगळवारी त्याने युक्ती काढली. पिंपाची एक पट्टी सैल झालीये, हलवलं तर फुटेल, असं दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "हलवायचं नाहीये, उघडायचंय." बुधवारी त्याने तळघरातला दिवा काढून टाकला. ताई विजेरी घेऊन आली आणि म्हणाली, "अरे, दिवा गेलाय, मी बघून येते हं," आणि जी आत गेली ती अर्धा तास बाहेर आलीच नाही. अर्धा तास! एका दिव्यासाठी! धाकटा दाराशी उभा राहून नखं खात होता. बाहेर आली तेव्हा तिच्या कोटाच्या खिशातून प्रयोगशाळेतली मोठी सुई डोकावत होती.

"दिव्याला इंजेक्शन दिलंस का?" त्याने विचारलं.

"तू आपलं काम बघ," ताई म्हणाली, आणि झपझप निघून गेली.

शेवटी गुरुवारी दुपारी, दोन ते तीन या वेळात, जेव्हा या घरातलं झाडून सगळं माणूस झोपतं, धाकटा सहा लिटरचा कॅन घेऊन निघाला. कॅनमध्ये त्याची स्वतःची सगळ्यात चांगली वाइन होती, जी त्याने स्वतःच्या साठाव्या वाढदिवसासाठी बाजूला काढली होती. तळघराच्या पायऱ्या आईच्या खिडकीखालून उतरतात. आई ब्याऐंशी वर्षांची, खिडकीत बसून शर्टाला बटण लावत होती.

"कुठे रे?"

"पिंपं बघून येतो."

"कॅन घेऊन?"

"धुवायचाय."

"भरलेला धुणार?" आईने दोरा दाताने तोडला. "बरं. जा."

आईला काय सांगायचं! धाकटा खाली उतरला, सासूबाईंसमोर गुडघे टेकले आणि सुरी काढली. आणि थांबला. लाखेवरचा अंगठा त्याचा नव्हता. त्याचा अंगठा बारीक, लांबट. हा जाडाजुडा, बटाट्यासारखा. त्याने डोळे चोळले. मग लाख उचकटली, बूच उपटलं, आणि फस्स करून वाइन वर आली, पिंपावरून ओघळली, त्याच्या बुटांत शिरली.

पिंप काठोकाठ भरलेलं होतं. काठोकाठ कसलं, ऊतू जात होतं!

धाकटा तसाच बसून राहिला, मोजे लाल झालेले, हातात सहा लिटरचा निरुपयोगी कॅन. सहा लिटर कमी असायला हवं तिथे एक थेंब मावत नाही? मग विजेरी घेऊन त्याने पिंपाला चहूबाजूंनी न्याहाळलं. मागच्या बाजूला, भिंतीकडे, वरच्या अंगाला एक लाकडाची इवलीशी खुंटी ठोकलेली होती. काडीएवढी. सुई जाईल एवढ्या भोकावर.

आणि तेव्हा धाकट्याला जे काही झालं ते बघण्यासारखं होतं. इतकी वर्षं स्वतः चोरून पिणारा हा माणूस संतापाने तळघरात येरझाऱ्या घालायला लागला.

"चोर!" तो पिंपाला म्हणाला. "माझ्या तळघरात चोर!"

बरं, ओरडायची सोय नाही. कुणाला सांगणार, आणि तुला कसं कळलं म्हणून विचारलं तर काय सांगणार? त्याने रुमालाने फरशी पुसली, लाख ओतली, अंगठा दाबला आणि चरफडत वर आला.

"बूट धुतलेस वाटतं," खिडकीतून आई म्हणाली.

"हो."

"कॅन राहिलाच की धुवायचा."

शुक्रवारी जेवायला बसल्यावर धाकट्याने टेबलावर एक बशी ठेवली. बशीत गरम लाल लाख.

"पन्नास वर्षांची आठवण," तो गोड आवाजात म्हणाला. "सगळ्यांनी एकेक अंगठा द्या. फ्रेम करून लावू. दादा, तू मोठा, पहिला मान तुझा."

दादाने दोन्ही हात टेबलाखाली घातले. "मला लाख चालत नाही. पुरळ उठतं."

"कधीपासून?"

"लहानपणापासून!"

"लहानपणी तू लाखेचे गोळे करून माझ्या केसांत चिकटवायचास," ताई म्हणाली.

"तेव्हापासूनच उठतं!" दादा खेकसला, आणि एका हाताने, तोही मुठीत मिटलेल्या, जेवायचा प्रयत्न करू लागला. ते जमेना. मग पोट भरलं म्हणाला आणि उठला.

धाकट्याला एक चोर सापडला. दुसरी चोर समोर बसून शांतपणे पाणी पीत होती. आणि दोघांनाही काही म्हणता येत नव्हतं, कारण तिसरा चोर तो स्वतः होता आणि किल्ली त्याच्या कमरेला होती. काहीही निघालं तरी जाब त्यालाच विचारणार. दादाने सोमवारी घातलेली ती अट आता त्याला नीट कळली. स्वतः पिऊन बसलाय, आणि बोट आधीच माझ्याकडे करून ठेवलंय! असा वैताग त्याला गारपिटीच्या वर्षीसुद्धा आला नव्हता. गारा निदान नात्यातल्या नव्हत्या.

शनिवारी चार वाजता नाकसाहेब आले. बारीक, उंच, करड्या कोटातले, आणि नाक अगदी साधं, चारचौघांसारखं. धाकट्याची निराशाच झाली. खाली तळघरात एक टेबल मांडलं होतं, चार खुर्च्या, सहा ग्लास. आईला दोघांनी धरून खाली आणलं. दादाने भाषण केलं. बाबांची सायकल, औषधाच्या बाटल्या, टेकडी, घाम. "अस्पर्शित" हा शब्द त्याने चार वेळा वापरला आणि दर वेळी त्याचा आवाज थोडा बारीक झाला.

मग त्याने बूच उपटलं. धाकट्याने काचेच्या नळीने वाइन काढली, ग्लासात सोडली. 

नाकसाहेबांनी ग्लास फिरवला, नाक घातलं. बाहेर काढलं. परत घातलं.  मग त्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला आणि ग्लास खाली ठेवला.

"ही कुठल्या वर्षाची म्हणालात?"

दादाने वर्ष सांगितलं.

"नाही," नाकसाहेब म्हणाले. "यात त्या एका वर्षाची वाइन असणं शक्य नाही. बरीच वर्षं आहेत. दहा, बारा, जास्तच. हे पिंप अस्पर्शित वगैरे काही नाही, साहेब. यात कुणीतरी सारखं ये-जा करतंय."

"किल्ली याच्याकडे असते!" दादा म्हणाला. एका सेकंदात. वाक्य ओठांवर तयारच होतं.

धाकट्याने पट्ट्याची किल्ली सोडली आणि टेबलावर आपटली.

"हो! मी प्यायलो! गारपिटीच्या वर्षी प्यायलो, तुझ्या टाक्या आल्या तेव्हा प्यायलो, सहाशे बाटल्या फुटल्या तेव्हा प्यायलो! घे किल्ली! बोलाव तुझ्या डिग्रीवाल्याला! पण आधी पाहुण्यांसमोर अंगठा काढ! दाखव तो बटाटा! लाखेवर कुणाचा अंगठा होता गुरुवारी?"

दादाचा चेहरा लाखेच्या रंगाचा झाला. त्याने हातातलं बूच टेबलावर ठेवलं.

"मोठा सौदा असला की मी यायचो," तो शेवटी म्हणाला. "एक घोट. धीर यावा म्हणून. तुला काय कळणार, तू इथे खाली पिंपांशी बोलतोस. मला वर माणसांशी बोलावं लागतं."

"आणि भर कशाने घालायचास?"

दादाने टेबलावरचा ग्लास उगाच सरळ केला.

"कशाने?"

"नमुन्याच्या बाटल्या मिळतात ना, दुसऱ्या वाइनवाल्यांकडून…"

"परक्यांची वाइन?" ताई ताडकन उठली. "बाबांच्या पिंपात? त्या पलीकडच्या टेकडीवाल्याची? ज्याने आपलं लेबल चोरलं त्याची?"

"त्याची चांगली असते गं!"

"एक मिनिट," नाकसाहेब मध्येच म्हणाले. भांडणाचं त्यांना काही पडलेलं दिसत नव्हतं, त्यांचं नाक परत ग्लासात होतं. "सगळ्यात शेवटी एक वास येतो. फुलासारखा. गुलाब नव्हे, काहीतरी रानटी. हे द्राक्ष तुमच्या मळ्यात कुठे आहे?"

आता ताई खाली बसली.

"नाहीये," ती म्हणाली. "होतं. मी लावलं होतं, उतारावर चार ओळी. सहा वर्षं वाढवलं. दादा म्हणाला याला गिऱ्हाईक नाही, उपटा. उपटलं." तिने खिशातून ती मोठी सुई काढून किल्लीशेजारी ठेवली. "वाइन थोडीच झाली होती. फेकवेना. दर वर्षी सुईने थोडी इथली काढायची, तपासायची, आणि माझी थोडी आत घालायची. शेवटची बाटली बुधवारी घातली."

 दादा आपल्या बुटांकडे बघत होता. धाकट्याला त्याचा राग यायला हवा होता आणि येतही होता, पण नीट येत नव्हता.

"पण तुम्ही शिरलात कसे?" तो एकदम म्हणाला. "किल्ली तर एकच आहे!"

दादाने कोटाच्या आतल्या खिशातून एक किल्ली काढली. टेबलावर ठेवली. "बाबांनी दिली होती. म्हणाले, धाकट्याकडे एक राहू दे, पण विश्वासाची ही. कुणाला सांगू नको."

ताईने चष्म्याच्या डबीतून किल्ली काढली. "मलाही. म्हणाले, या दोघांचं काही खरं नाही, तुझ्याकडे असू दे. कुणाला सांगू नको."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग तिघांनी आईकडे बघितलं. आईने गळ्यातल्या दोऱ्यातून चौथी किल्ली काढली आणि इतर तिघींशेजारी नीट ओळीत ठेवली.

"बघता काय?" ती म्हणाली. "बावीस वर्षं खिडकीत बसलेय. एकेक जण खाली जातो तेव्हा हातात काहीतरी भरलेलं, वर येतो तेव्हा रिकामं. मला काय बटणंच दिसतात का?"

"आई, बाबांना माहीत होतं?"

"माहीत होतं? पहिला ग्लास त्यांनीच काढला. अंगठ्याचा फोड बरा व्हायच्या आत. मी विजेरी धरली होती." आईने पदर सारखा केला. "मी त्यांना विचारलं, हात लावू नका म्हणून का सांगितलंत, भर नाही घातली तर दोन वर्षांत आंबेल की. तर म्हणाले, भर घाला म्हणून सांगितलं असतं तर पाळी कुणाची यावरून भांडले असते आणि एकानेही घातली नसती. हात लावू नका म्हटलंय, आता तिघंही लावतील."

नाकसाहेब मोठ्याने हसले. घरातलं कुणीच हसलं नाही. बावीस वर्षं एखाद्याने तुम्हाला बनवलं हे कळल्यावर हसायला थोडा वेळ लागतो, आणि तो माणूस वर गेलेला असला तर भांडायचीही सोय राहत नाही.

"म्हणजे यात बाबांचं आता काय आहे?" दादाने हळूच विचारलं.

"लाकूड," आई म्हणाली. "आणि तुमचे स्वभाव."

नाकसाहेबांनी दुसरा ग्लास मागून घेतला. तो सावकाश संपवला, मग उठले. लेबलावरचा तो शब्द आधी काढा, म्हणाले, आणि खरं काय झालं ते छापा. लोक ते वाचूनच बाटली घेतील. "आणि मला हीच वाइन हवी. दर वर्षी तीन हजार बाटल्या. हीच, हं. अशीच्या अशी. काय काय घातलंय त्याची यादी महिनाभरात पाठवा." त्यांनी वाकून आईचा निरोप घेतला आणि पायऱ्या चढून गेले.

अशीच्या अशी! धाकट्याने कपाळावर हात मारून घेतला.

वर कुणी गेलंच नाही. दादाने जुन्या लेबलांचा गठ्ठा आणला आणि तिघं लेबलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यादी करायला बसले. कुणी, कधी, काय घातलं. पहिल्या लेबलावरच भांडण लागलं. गारपिटीचं वर्ष कुठलं यावरून. दादा म्हणत होता टाक्यांच्या आधीचं, ताई म्हणत होती ती सासर सोडून आली त्याच्या नंतरचं, आणि धाकटा ओरडत होता, "प्यायलो मी! रडलो मी! मला आठवणार की तुम्हाला?"

"परक्यांच्या किती बाटल्या घातल्यास? खरा आकडा सांग," ताई म्हणाली.

"चाळीसेक असतील."

"चाळीस!"

"धंदा असाच वाढला का? तुझी एक पेटी विकायला मला काय काय करावं लागतं!"

"मग आता त्या टेकडीवाल्याकडे जा आणि त्याची वाइन माग. पाया पड त्याच्या," धाकटा म्हणाला. "आणि हिची चार ओळी द्राक्षं परत लाव. चार नाही, चाळीस. तू लाव, तुझ्या हाताने. खड्डे तू खण."

दादाने तोंड उघडलं, ताईकडे बघितलं आणि मिटलं. मग लेबलावर लिहिलं: चाळीस ओळी. खाली दोन रेघा ओढल्या. ताईने लेबल ओढून घेतलं, वाचलं, आणि चष्मा पुसत बसली. चष्मा स्वच्छच होता.

"आणि तो डिग्रीवाला?" थोड्या वेळाने धाकट्याने विचारलं. आवाज बेफिकीर काढायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"त्याला बोलावून काय सांगू?" दादा वैतागून म्हणाला. "की बाबा, दर वेळी घरात भांडण झालं की एक ग्लास काढायचा आणि हाताला लागेल ते ओतायचं? ते कुठल्या कॉलेजात शिकवतात? तूच कर. तुझ्याशिवाय हा गोंधळ कुणाला निस्तरता येणार?"

या घरात याहून जास्त कौतुक कुणाचं झालेलं नव्हतं, त्यामुळे धाकटा ते गप्प गिळून बसला.

सहा वाजता आईला वर जायचं झालं. सगळे उठले. धाकट्याने बूच लावलं, लाख वितळवली आणि वरून ओतली. अंगठा कोणी दाबायचा यावर अर्थातच वाद झाला, म्हणून आईने पुढे होऊन स्वतःचाच दाबला, आणि "आई गं" म्हणाली.

धाकट्याने टेबलावरच्या चारही किल्ल्या एकेक करून उचलल्या, आपल्या पट्ट्याला अडकवल्या आणि सगळ्यांना पायऱ्यांवर हाकललं. दाराला कुलूप लावताना दादा मागून म्हणाला, "एखादी असू दे की माझ्याकडे. अडीअडचणीला."

"हात लावायचा नाही," धाकटा म्हणाला. "कुणीही. कळलं?"

"कळलं," दादा म्हणाला.

"कळलं," ताई म्हणाली.

ते दोघं ज्या आवाजात बोलले, तो ऐकून धाकट्याने कुलूप दोनदा ओढून बघितलं. यांनी आणखी एकेक किल्ली कुठेतरी करून ठेवलेली असणारच, असं म्हणून त्याने मान हलवली, आईचा हात धरला आणि पायऱ्या चढायला लागला. सोमवारपासून आपल्याच तळघरात चोर मोजत बसावं लागणार होतं, आणि तेही ते चोर नीट येतायत ना, भर नीट घालतायत ना, हे बघायला.